कठड्यातली शक्ती

"हाललं! मच्छिंद्रा, हाललं बघ! बघतुयास न्हवं?"

आक्काबाईचा आवाज इतका चिरका निघाला, की पुढच्या चार बायका वळून बघायला लागल्या. डाव्या हातानं तिनं आपला उजवा हात मनगटाला धरून लोखंडी कठड्यावर टेकवला होता. तीन वर्षं त्या हाताची बोटं आत वळून निपचित पडली होती. ती आता थरथरत होती. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, थांबायचं नाव घेत नव्हती. अंगठा तर चक्क वर उचलला जात होता.

मच्छिंद्र शेडच्या बाहेर सायकल धरून उभा होता. सोमवारी आईला आणून सोडायचं आणि दिवेलागणीला परत न्यायचं, एवढाच त्याचा या जागेशी संबंध. पण ती बोटं त्यानं पाहिली आणि सायकल हातातून कधी सुटली, त्याला कळलं नाही. अंगावर सर्रकन काटा आला. छत्तीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, रोज विजेच्या खांबावर चढणारा गडी, तो तिथं तीनशे माणसांच्या मागे उभा राहून ढसाढसा रडला. कुणी त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिथं दर सोमवारी कुणी ना कुणी रडायचंच.

आता हा मच्छिंद्र म्हणजे पुणतांब्यातला नास्तिक, असं गावात म्हणायची पद्धत होती. तसा तो नास्तिक वगैरे काही नव्हता. शनिवारी मारुतीला तेल घालायचा, खांबावर चढायच्या आधी खांबाला हात लावून कपाळाला लावायचा. फक्त कुणी चमत्कार सांगितला, की तो म्हणायचा, "चला, दाखवा." ओढ्याकाठच्या पिंपळावर हडळ कण्हते म्हणून अख्खी आळी तिन्हीसांजेला दारं लावून बसायची, तेव्हा हा शिडी घेऊन गेला आणि फांदीला घासणारी सैल तार ओढून आला. हडळ गेली. गावानं त्याचे आभार मानले नाहीत, उलट गावातली एक गंमत गेली म्हणून दोन दिवस त्याच्याशी कुणी धड बोललं नाही.

वीज बोर्डात वायरमन म्हणून लागला त्या दिवशी त्याच्या उस्तादानं एकच गोष्ट शिकवली होती. कुठल्याही लोखंडाला हात लावायची वेळ आली, तर आधी हात उपडा लावायचा. तळव्यानं धरलं आणि करंट असला, तर मूठ आवळते आणि माणूस तिथंच चिकटतो. उपडा हात लावला तर झटका बसून हात मागं येतो. "समदं तपासायचं, पर उपड्या हातानं," उस्ताद म्हणायचा. मच्छिंद्रनं पंधरा वर्षं तेच केलं, तारेच्या बाबतीतही आणि माणसांच्या बाबतीतही.

जिच्यासाठी दर सोमवारी ही गर्दी जमायची, त्या छबूबाईच्या बाबतीतही त्यानं तेच केलं होतं. पण छबूबाई त्याला पहिल्यापासून जरा अवघडच गेली होती.

कारण ती ना कुणा गुरूची शिष्या, ना अंगात येणारी. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या शेकडो बायकांमधली एक. नवरा आधीच वारलेला, मूलबाळ नाही. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बायका सुकडी खाऊन सावलीला कलंडायच्या, ही नदीच्या कोरड्या पात्राकडं तोंड करून बसायची. आठ दिवसांनी एकीनं विचारलं, "काय करतीस गं?"

"काय न्हाई. ऐकती."

"काय ऐकतीस?"

"ते अजून कळलं न्हाई."

विचारणारी हसली, आणि का कोण जाणे, शेजारी बसली. मग दहा झाल्या. मग गडीमाणसं यायला लागली. दुष्काळ सरला, खडीचं काम बंद झालं, गोदावरीला पाणी आलं, तरी ते बसणं काही बंद झालं नाही. मूर्ती नाही, फोटो नाही, नारळ नाही. जात विचारायची नाही, उपास सांगायचा नाही. ख्रिस्ती वस्तीतली रोझीबाई मास्तरीणसुद्धा येऊन बसायची. नुसतं बसायचं, तासभर, आणि उठून घरी जायचं.

"शिर्डी येवढी जवळ आस्ताना हे नवीन कशापायी?" असं काही जण म्हणत. "जाऊन बघायला काय जातंय?" असं बाकीचे म्हणत. मच्छिंद्र दोन्हीकडं मान हलवायचा.

मग गोरक्षनाना आला. नाना मोठा बागायतदार, मनानं वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट मोठी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बायकोचं भ्रमिष्ट डोकं छबूबाईजवळ बसून शांत झालं, म्हणून त्यानं नदीकाठच्या आपल्या रानात नवरात्रात शेड उभी केली. वर पत्रे, खाली कोबा, पुढं लोखंडी पाइपाचा कठडा, चार बल्ब आणि एक माइक. नियमही त्यानंच घातले. गोदावरीचा तांब्या पायांवर ओतायचा, ओल्या हातानं कठडा धरायचा, नमस्कार करायचा, मग बसायचं. छबूबाईची छबूआई झाली. आणि पहिल्याच सोमवारी कठडा धरलेल्या माणसांच्या अंगातून काहीतरी सरसरत गेलं. बायका किंचाळल्या. एक म्हातारा गडबडा लोळला. शक्ती उतरली म्हणून वार्ता पार राहात्याच्या बाजारापर्यंत गेली.

आक्काबाईच्या अंगावरून तीन वर्षांपूर्वी वारं गेलं होतं. पाय सुधारला, हात राहिला. नगरचे डॉक्टर झाले, झाडपाला झाला. नंतर ती कुणाकडं चल म्हणेनाशी झाली, आणि ते मच्छिंद्रला जास्त लागलं. म्हणून ती जेव्हा म्हणाली, "मला छबूआईकडं सोड," तेव्हा त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. नेऊन सोडायला लागला. पाचव्या सोमवारी बोटं हालली.

त्या रात्री जेवताना तो चांगुणाला, म्हणजे बायकोला म्हणाला, "या आठवड्यात कोंबडी नको. आनि सोमवारी मी उपास धरनार."

चांगुणानं भाकरी थापता थापता हात थांबवला. "कोन बोलतंय हे? टेस्टर हरवला का काय वायरमनसायबांचा?"

"चेष्टा नको करू गं. म्या डोळ्यानं बघितलंय. येत्या सोमवारी मी बी कठड्याला हात लावनार, आनि उपडा न्हाई, चांगला तळवा लावून."

चांगुणा परत भाकरी थापायला लागली. नवऱ्याचा चेहरा तिनं इतका मोकळा झालेला लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला होता. आणि खरंच, ते दोन दिवस मच्छिंद्र वेगळाच होता. खांबावर चढायचा आणि वरून गोदावरीचं पात्र बघत बसायचा. इतकी वर्षं आपण उगाच शहाणपणा मिरवला, असं त्याला वाटायचं. ज्या जगात आईची मेलेली बोटं जिवंत होतात, त्या जगात आपल्याला काय ठाऊक आहे, या विचारानं त्याला खांबावर एकट्यालाच हसू फुटायचं.

बुधवारी संध्याकाळी तो आईच्या हाताला तेल चोळत होता. आक्काबाई उत्साहात होती. तिचं तोंड थांबत नव्हतं.

"येक सोमवार तेवढा कोरडा गेला बाबा. मी यायच्या आधीचा. कार्तिकातला. शक्ती आलीच न्हाई."

"का गं?"

"त्या दिशी ती रोझीबाई पयल्या रांगेत बसली हुती म्हनं. तिनं कठड्याला हात लावला आनि शक्ती तर गेलीच, लाईटबी गेली! माइक बंद, दिवे बंद. मग नानाच्या मानसांनी तिला सांगितलं, बाई, तू येत जाऊ नगं. तवापासनं बिचारी येत न्हाई."

मच्छिंद्रचा हात तेलाच्या वाटीतच राहिला.

कार्तिकातला सोमवार. उसाच्या फडाजवळ बाभळीच्या फांद्या तारेवर आल्या होत्या. त्यानं स्वतः दुपारी तीनला शटडाऊन घेतला होता आणि सहाला लाईन परत चालू केली होती. नदीकाठची सगळी लाईन. नानाच्या शेडसकट.

"काय झालं रं? थांबलास का?"

"काय न्हाई," तो म्हणाला आणि पुन्हा चोळायला लागला. चोळताना त्यानं आईकडं पाहिलं नाही.

गुरुवारी दुपारी तो एकटाच शेडवर गेला. तिथं चिटपाखरू नव्हतं. बोर्डाचं काम खांबापर्यंतचं, पुढची वायर नानाच्या गड्यांनी ओढलेली. त्यानं मेन स्विच वर केला. कोब्यावर पाणी ओतलं. कठड्याला टेस्टर लावला.

टेस्टरमधला दिवा लागला.

देवाशपथ सांगतो, तो दिवा लागू नये म्हणून त्या माणसानं डोळे मिटून प्रार्थना केली होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याला आपला टेस्टर खोटा ठरायला हवा होता. पण टेस्टर कधी खोटं बोलत नाही, मेला.

मेन पाडून तो शिडीवर चढला. वायर पत्र्याच्या कडेवरून आत ओढतानाच सोललेली, आणि पुढं वाऱ्यानं घासून घासून तिचं रबर जवळजवळ गेलेलं. पत्र्यातून खांबात, खांबातून कठड्यात. फ्यूजमध्ये कुणा शहाण्यानं बोटाएवढी जाड तार घातलेली, म्हणजे फ्यूज जन्मात उडायचा नाही. आज नुसत्या झिणझिण्या येत होत्या, कारण रबराचा एक पापुद्रा अजून मधे होता. तो गेला, की ओल्या पायांची पहिली रांग कठड्याला चिकटणार. आणि पहिल्या रांगेत आई बसत होती. 

"कोन हाय?"

छबूबाई नदीवरून कळशी घेऊन वर आली होती. पायरीशी कळशी ठेवून तिनं सवयीनं लाकडी खडावा पायात घातल्या. छबूआईचे उघडे पाय कोब्याला लागू नयेत, असा नानाचा दंडक होता.

"मी मच्छिंद्र. वायरमन. आक्काबाईचा ल्योक."

"आक्काबाईचा व्हय? कसा हाय तिचा हात?"

खोटं बोलायचं त्यानं ठरवलं होतं. ते जमलं नाही. तो खाली उतरला आणि म्हणाला, "छबूआई, हितं करंट उतरलाय."

"म्हंजी?"

मग त्यानं सगळं दाखवलं. वायर, पत्रा, खांब, कठडा. "पाय ओले, हात ओले. मग मानसाच्या अंगातनं झिनझिन्या जात्यात. ती शक्ती न्हाई आये. ती लाईट हाय."

छबूबाईनं वायरीपासून कठड्यापर्यंत नजर फिरवली. मच्छिंद्र वाट बघत होता. आता ही चिडेल, नाहीतर रडेल, नाहीतर हळूच म्हणेल की बाबा, कुणाला सांगू नकोस. भोंदू निघाली तर बरंच होईल, असं त्याला वाटत होतं. भोंदूशी कसं वागायचं ते त्याला ठाऊक होतं.

"समद्यांना जे हुतं ते ह्याच्यानं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग मला का हुत न्हाई?"

मच्छिंद्रला नीट कळलं नाही. "तुमाला न्हाई होत?"

"येकदा बी न्हाई." छबूबाई कठड्यापासून लांब, पायरीवर टेकली. "पैल्या सोमवारी मानसं रडाया लागली, तवा म्या बी हात लावला. गार लोखंड. मला वाटलं, देव समद्यांकडं आला, माझ्याकडंच तेवढा आला न्हाई. माझंच कायतरी चुकलं आसंल. चार म्हैनं रोज पाटंला नदीवर येऊन रडती बाबा. कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं तर मानसं उठून जातील, असं भ्या वाटलं."

मच्छिंद्रनं तिच्या पायांकडं पाहिलं.

"खडावा," तो म्हणाला. "लाकडातनं करंट जात न्हाई, आये. तुमी खडावा घालून हात लावत हुता."

 ती उठली, खडावा काढल्या, कळशीतलं पाणी पायांवर ओतलं आणि त्याला काही सुचायच्या आत तिनं मेन वर केला.

"थांबा! आये, उपडा! उपडा हात लावा!"

तिनं हात उपडा केला, बोटांच्या मागच्या पेरांनी कठड्याला स्पर्श केला आणि झटक्यानं मागं आली. मच्छिंद्रनं धावत जाऊन मेन पाडला. 

"अगं बया," छबूबाई म्हणाली. "हे? येवढंच?"

आणि ती हसायला लागली. पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता ते कधी रडणं झालं कळलं नाही, आणि रडतानाही तिचा चेहरा एखाद्या पोरीसारखा मोकळा दिसत होता. मच्छिंद्र नुसता उभा होता. एखाद्या बाईचा देव डोळ्यांदेखत काढून घ्यावा आणि तिनं सुटल्यासारखं हसावं, असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला हात जोडावेसे वाटले. करंट सापडलेल्या जागी, टेस्टर खिशात असताना, हात जोडावेसे वाटले.

डोळे पुसून ती म्हणाली, "मानूस मरंल का ह्याच्यानं?"

"आज न्हाई तर उद्या."

"मग नीट कर."

"करतो. गपचूप करतो. मानसं म्हनतील, शक्ती गेली. जाऊ द्या."

"आनि कुनामुळं गेली म्हनतील?"

मच्छिंद्रनं टेस्टर खिशातून काढला आणि परत खिशात घातला.

"रोझीबाईला एकदा हाकललंच हाय," छबूबाई म्हणाली. "त्या दिशी म्या तोंड उघडलं न्हाई. मला वाटलं, आसंल बाबा, तिला बी काय हुत न्हाई, मला बी काय हुत न्हाई, तिची बाजू घेतली तर माझं उघडं पडंल. आता पुना कुनाचा तरी बळी जायचा. न्हाई. सोमवारी मीच सांगती."

"मानसं निघून जातील, आये."

"जातील." मग थांबून ती म्हणाली, "तुझ्या आईला सांगितलंस का?"

त्याला एकदम हुंदका आला. "कसं सांगू? तीन वर्सांनी हासली ती. तुमीच सांगा, कसं सांगू?"

  छबूबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग कळशी उचलून गेली.

शनिवारी मच्छिंद्रनं नवी वायर ओढली. खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून चांगलं अर्थिंग केलं. कठडा दहा वेळा तपासला. घरी मात्र तो रोज संध्याकाळी आईच्या हाताला तेल चोळत राहिला आणि रोज उद्यावर ढकलत राहिला.

सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. आक्काबाई नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत. बल्ब लागले, माइक खरखरला, तांबे ओतले गेले. माणसांनी कठडा धरला आणि वाट बघितली. काही झालं नाही. कुजबुज सुरू झाली. "कोन आलंय रं आज? बघा बरं कोन आलंय."

छबूबाई उठली. माइक तिनं बाजूला ठेवला.

"कुनी आलं न्हाई," ती म्हणाली. "कठड्यात जे हुतं, ते वायरीतलं हुतं. तुमच्या घरात बटन दाबल्यावर दिवा लागतो, ते. वायर सोलली हुती, ती वायरमननं बदलली. समदे मरता मरता वाचलो."

"आये, काय बोलताय?" गोरक्षनाना पुढं आला. "लोकं बघत्यात."

"बघू दे नाना. मला कठड्याचं कदी काय झालं न्हाई. चार म्हैने न्हाई. तुमी कुनी ईचारलं न्हाई, आनि म्या सांगितलं न्हाई. मला तुमी जाल ह्याचं भ्या वाटलं. ती माझी चूक. आनि रोझीबाईच्या हातानं काय गेलं नव्हतं. त्या दिशी लाईटच नव्हती. तिच्या घरी जाऊन मी कालच पाया पडून आली. ज्यांनी हाकललं त्यांनी बी जावं."

मग ती खाली बसली आणि डोळे मिटून घेतले, जणू रोजचंच बसणं आहे.

जो गलका उठला तो सांगायला नको. "हिलाच काय हुत न्हाई, मग हितं काय हाय?" असं म्हणून माणसं उठायला लागली. कुणी छबूबाईला शिव्या दिल्या. कुणीतरी ओरडलं, "ह्या वायरमननंच शक्ती तोडली!" आणि दोघांनी मच्छिंद्रची गचांडी धरली. शर्टाचं बटण तुटलं. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तो गर्दीच्या फटीतून आईकडं बघत होता.

आक्काबाई कठड्याजवळच होती. डाव्या हातानं उजवा हात धरून ती तो कठड्यावर एका जागी टेकवत होती, थांबत होती, मग वीतभर पुढं सरकून दुसऱ्या जागी टेकवत होती. परत थोडी पुढं. कुठंतरी थोडीशी राहिली असेल म्हणून ती कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधत गेली.

 घराच्या दारात उतरल्यावर आक्काबाई म्हणाली, "तुला कवापासनं ठाव हुतं?"

"गुरवारपासनं."

"मग चार दिस तेल चोळत हुतास, तवा का सांगितलं न्हाईस?"

"जीव झाला न्हाई, आई."

ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी तो तेलाची वाटी घेऊन बसला, तर तिनं हात पदराखाली घेतला. भाकरी पुढ्यात तशीच राहायची. चांगुणा समजूत घालून थकली. "तुमचं काय चुकलं?" ती नवऱ्याला म्हणायची. मच्छिंद्रला ठाऊक होतं, आपलं काही चुकलं नाही. आईचा जीव वाचला, हेही ठाऊक होतं. पण एखादं काम बरोबर केल्यावर माणसाला झोप लागायला हवी ना? त्याला लागत नव्हती. आईची आशा आपण आपल्या हातानं, पक्कडीनं कापली, असं त्याला वाटायचं, आणि खांबावर चढल्यावर नदीकडं बघायची इच्छा होत नव्हती.

तिकडं गोरक्षनानानं चार दिवसांत शेडचे पत्रे उतरवले. कठडाही उपटला. लोक म्हणाले, संपलं एकदाचं.

पुढच्या सोमवारी दुपारी आक्काबाई उठून बसली. "चांगुणा, माझं धुतलेलं लुगडं काढ." मग मुलाकडं बघून म्हणाली, "सायकल काढ. मला सोड."

"आई, तिथं आता काय न्हाई."

"ठाव हाय मला."

"मग कशाला?"

"तू सोडतुयास का मी चालत जाऊ?"

त्यानं सायकल काढली. रस्ताभर त्याला वाटत होतं, आई अजून शोधतेय, आणि तिथं पोचल्यावर तिचा जो चेहरा होईल तो आपल्याला बघायला लागणार. शेडच्या जागी नुसता कोबा उरला होता आणि त्याच्या कडेला पाइपांची भोकं. कोब्यावर कुणी नव्हतं. खाली, नदीच्या उतारावर, वाळूत माणसं बसली होती. मच्छिंद्रनं मोजली. तीनशेतली अकरा. रोझीबाई होती. नानाची बायको होती, नाना नव्हता. छबूबाई सगळ्यांच्या मधेच बसली होती, वेगळी ओळखू येऊ नये अशी.

आक्काबाईला बघून ती उठली आणि चार पावलं वर आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"छबू," आक्काबाई म्हणाली, "माजी बोटं आता हालत न्हाईत."

"व्हय."

"पुना हालतील का?"

"मला ठाव न्हाई, आक्का."

 आक्काबाईनं मान हलवली, जसं कुणी बऱ्याच दिवसांनी खरं बोलावं आणि ते पटावं. "बरं," ती म्हणाली, आणि छबूबाईच्या आधारानं वाळूत बसली.

 नदी वाहत होती, पलीकडं कुणाची तरी मोट करकरत होती. आक्काबाईनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला. आत वळलेली बोटं एकेक करून उलगडली आणि तळवा आभाळाकडं करून ठेवला. बोटं हळूहळू पुन्हा आत वळली. तिनं पुन्हा उलगडली नाहीत. डोळे मिटले, आणि तिचा चेहरा आठवड्याभरात पहिल्यांदा निवांत झाला.

मच्छिंद्र बघत राहिला. इथं तपासण्यासारखं काही नव्हतं. वायर नव्हती, पत्रा नव्हता, आणि तरीही त्याच्या अंगावर पहिल्या दिवसासारखाच सर्रकन काटा आला. त्याला भीती वाटली, आनंद वाटला, आणि यातलं काहीच कुणाला सांगता येणार नाही, हेही कळलं.

त्यानं सायकल बाभळीला टेकवली, चपला काढल्या आणि आईच्या उजव्या बाजूला, त्या हाताशेजारी, जाऊन बसला.